हृदय चौथ्या महिन्यात येतं, मग सहाव्या आठवड्यात धडधडलं ते काय?

पत्र:

मी घणसोलीत राहते. वय २७, पहिलंच बाळंतपण. विसावा आठवडा संपत आलाय. परवा ॲनोमली स्कॅन, म्हणजे बाळात काही व्यंग आहे का ते बघणारी सोनोग्राफी, झाला. बाकी सगळं ठीक आहे, पण हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात लहान छिद्राची शंका आहे म्हणून फीटल एको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची तपासणी, करायला सांगितलाय. घरी कळलं आणि रामायण सुरू झालं. मामेसासरे गावी वैद्यकी करतात. त्यांचं म्हणणं, बाळाचं हृदय चौथ्या महिन्यात येतं, आता पाचवा चाललाय, म्हणजे माती अजून ओली आहे. त्यांनी दिलेली पुडी काढ्यातून घेतली तर छिद्र भरून येईल, एकोबिकोची गरज नाही. सासूबाई म्हणतात, चौथ्या महिन्यातले डोहाळे राहिले म्हणून हे झालं. मला तेव्हा ठाण्याच्या मामलेदारची मिसळ खावीशी वाटायची, आणि तिखट नको म्हणून त्यांनीच अडवलं होतं! जाऊबाई म्हणाल्या, हृदय आईकडून येतं असं आयुर्वेदात लिहिलंय. त्या रात्री मी झोपले नाही. सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी स्क्रीनवर ठोके दाखवले होते, मग ते कशाचे होते? ह्यांची महापेला शिफ्ट ड्युटी असते, ते म्हणतात दोन्ही करून टाकू. खरं कोणाचं धरू?

उत्तर:

नमस्कार. ज्याला उशीर करून चालणार नाही ते आधी सांगते. फीटल एकोची वेळ याच आठवड्यात घ्या, आणि मामांची पुडी कपाटातच राहू दे. शास्त्रार्थ त्यानंतर.

माझी सगळी नोकरी आयुर्वेद महाविद्यालयात रचनाशारीर, म्हणजे शरीराची रचना, शिकवण्यात गेली. एका तासाला सुश्रुत आणि पुढच्या तासाला गर्भविज्ञानाची तक्ते-चित्रं, असं वर्षानुवर्षं चाललं. त्यामुळे तुमच्या घरातला वाद मला नवा नाही. मामांचं वाक्य हवेतलं नाही, हेही मान्य करते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, तिसऱ्या अध्यायात ते आहे. चौथ्या महिन्यात सगळ्या अंगांचे विभाग जास्त स्पष्ट होतात, गर्भाचं हृदय व्यक्त होतं, आणि हृदय हे चेतनेचं ठिकाण असल्यामुळे चेतनाही प्रकट होते. म्हणून गर्भ इच्छा करू लागतो आणि ती इच्छा आईच्या डोहाळ्यांतून बाहेर पडते. म्हणून गर्भार बाईला तो दोन हृदयांची म्हणतो.

इथवर मामा बरोबर. पण त्याच्या अलीकडचं वाक्य त्यांच्या नजरेतून सुटलंय. तिसऱ्या महिन्यात हात, पाय आणि डोकं यांचे पाच उंचवटे येतात आणि बाकीच्या अंगांचे विभाग सूक्ष्म रूपात असतात, असं सुश्रुतच सांगतो. म्हणजे चौथ्यात जे उघड झालं ते तिसऱ्यात बारीक रूपात होतंच. चरक तर तिसऱ्याच महिन्यात सगळी इंद्रियं आणि सगळे अवयव एकदम तयार होतात म्हणतो, आणि दोन हृदयांची गोष्टही तिथेच काढतो. आपल्या दोन मोठ्या संहितांमध्येच एका महिन्याचा फरक असताना ‘आयुर्वेदात चौथा महिना लिहिलाय’ असं ठासून कसं सांगायचं?

त्याच अध्यायात पुढे एक वाद आहे. तो शिकवताना वर्ग हमखास जागा व्हायचा. गर्भाचा पहिला अवयव कोणता? शौनक म्हणतो डोकं, कारण इंद्रियांचं मूळ तिथे. कृतवीर्य म्हणतो हृदय, कारण बुद्धी आणि मन तिथे राहतात. पाराशर्य नाभीच्या बाजूने, मार्कंडेय हातपायांच्या, सुभूती गौतम मधल्या धडाच्या. सगळ्यांचं ऐकून धन्वंतरी म्हणतो, सगळे अवयव एकदमच होतात, फार सूक्ष्म असल्यामुळे ते कळत नाहीत. दाखला आंब्याचा: पिकल्या फळात केसर, गर, कोय आणि आतला मगज वेगवेगळे दिसतात, कोवळ्या कैरीत तेच सगळं असतं, पण वेगळं काढून दाखवता येत नाही. चरकाकडे हाच वाद थोड्या वेगळ्या मंडळींत होतो. तिथे हृदयाची बाजू कांकायन घेतो, आणि मारीची कश्यप सरळ म्हणतो की हे डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा त्याबद्दल सांगताच येणार नाही. मला त्या सभेत हा कश्यप सगळ्यांत प्रामाणिक वाटतो.

दिसणार तरी कसं? वर्गात आम्ही उबवणीतलं तिसऱ्या दिवसाचं कोंबडीचं अंडं घ्यायचो. कोमट मिठाच्या पाण्यात ते धरायचं आणि कवचाला वरून लहानशी खिडकी पाडायची. पिवळ्या बलकावर लाल रेषांचं जाळं पसरलेलं, आणि मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका आखडतोय, सैल होतोय. मागच्या बाकांवरची मुलंसुद्धा उठून पुढे यायची. ॲरिस्टॉटलने हाच ठिपका बघून लिहून ठेवलाय. माणसाच्या गर्भाच्या बाबतीत ही सोय कोणालाच नव्हती. लेनेक या फ्रेंच डॉक्टरचा स्टेथोस्कोप १८१६ मधला. त्यानंतर काही वर्षांतच पोटावर कान ठेवून बाळाचे ठोके ऐकू आल्याच्या नोंदी युरोपात झाल्या. कानाने ऐकायचे तर तेही साधारण पाचव्या महिन्याच्या आसपास येतात. आई बाळाची पहिली हालचाल ओळखते तीही चौथ्या-पाचव्या महिन्यातच. ज्यांच्या हातात आईचं सांगणं आणि पडून गेलेले गर्भ एवढंच होतं, त्यांनी चौथ्या महिन्यावर बोट ठेवलं, यात मला त्यांची चूक काही दिसत नाही. ‘आमच्याकडे सगळं आधीच लिहून ठेवलं होतं’ म्हणणारे आणि ‘ते सगळं भाकड’ म्हणणारे, दोघांनीही ते पान उघडलेलं नसतं.

आता आज काय दिसतं ते बघू. गर्भधारणेपासून अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी गर्भाच्या पुढच्या टोकाला, जिथे मेंदू होणार त्याच्याही पलीकडे, पेशींचा एक पट्टा हृदयाच्या कामाला लागतो. हो, हृदयाची पहिली जागा डोक्याच्या वर असते. गर्भ तेव्हा चपटा असतो. तो दुमडला की हा पट्टा खाली छातीकडे येतो. त्यात दोन नळ्या होतात, त्या मधोमध जुळून एक होते आणि बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी ती आखडू लागते. कप्पे नाहीत, झडपा नाहीत, नुसती नळी, आणि ठोके चालू. गर्भ अख्खा दोन-तीन मिलिमीटरचा. बाकी अवयव अजून आराखड्यातच असतात. तेव्हा आज निकाल द्यायचा झाला तर धन्वंतरीपेक्षा कृतवीर्याला एक गुण जास्त पडेल. कामाला लागणारा पहिला अवयव हृदयच. त्याने दिलेलं कारण मात्र टिकत नाही. गर्भ जाड होऊ लागला की नुसतं झिरपून येणारं पोषण आतपर्यंत पोहोचत नाही, फिरतं रक्त लागतं, म्हणून ही घाई.

मग नळी उजवीकडे वळण घेते आणि आतली बांधणी सुरू होते. वरचे कप्पे वेगळे होतात. बाहेर जाणारी एकच मोठी वाहिनी पिळदार पडद्याने दुभंगून महाधमनी आणि फुप्फुसधमनी बनते. त्या कामाला मज्जारज्जूच्या कडेच्या पेशी तिथवर सरकत येतात. खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा तळातून स्नायूचा वर चढतो, वरच्या टोकाला थोडी फट राहते, आणि सातव्या आठवड्याच्या अखेरीस ती पातळ पडद्याने बुजते. ती बुजायची राहिली, किंवा खालच्या स्नायूच्या भागात भोक राहिलं, की तुमच्या रिपोर्टात लिहिलंय ते छिद्र.

इथे एक हिशेब नीट लावून घ्या, कारण निम्मे घोळ त्यातून होतात. गर्भविज्ञानाची पुस्तकं गर्भधारणेपासून मोजतात; तुमचे डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. दोन आठवड्यांचा फरक. म्हणून पुस्तकातला बाविसावा दिवस म्हणजे तुमच्या फाइलीत पाच आठवडे पूर्ण, आणि सहाव्यात स्क्रीनवर लुकलुक. तुम्ही पाहिलेत ते ठोके त्या नळीचे, म्हणजे तुमच्या बाळाच्या हृदयाचेच. आणि पडदा पुरा होतो तो तुमच्या फाइलीतला नववा आठवडा.

म्हणजे चौथा महिना लागेपर्यंत पडद्याचं काम उरकलेलं होतं. छिद्र राहिलं असेल तर ते मिसळीच्या कितीतरी आधी राहिलं. सासूबाईंनी त्या दिवशी स्वतः नौपाड्याला नेऊन दोन प्लेट खाऊ घातल्या असत्या तरी त्यात काडीचा फरक पडला नसता.

डोहाळे न पुरवल्याने व्यंग येतं, हे सुश्रुताने लिहिलंय, ते मी लपवत नाही. कुबड, हात वाकडा, लंगडेपणा, मंदपणा, खुजेपणा, डोळ्यांचे दोष अशी यादी आहे. हृदयातलं छिद्र तिच्यात नाही. आणि जे आहे त्याचीही कारणं आज वेगळी माहीत आहेत. त्या यादीचा उपयोग माझ्या मते एवढाच, की चार माणसांत गर्भारशीच्या मनाला कोणी विचारत नसलेल्या घरात तिच्यासाठी कोणीतरी धाक घालून ठेवला होता. तोच धाक उलटून तिच्याच डोक्यावर बसवायचा हे मात्र भलतंच. चरकाने तर अडचणीतून वाटही काढून दिलीय: इच्छा फारच तीव्र असेल तर अपथ्याचा पदार्थसुद्धा पथ्याच्या पदार्थात मिसळून द्यावा. तेव्हा तर्री निम्मी, वर दही, आणि खुशाल खा. पित्त उसळलं तर पुन्हा नको.

जाऊबाईंचंही अर्धंच खरं. चरकाच्या यादीत हृदय ‘मातृज’ आहे, पण त्याच यादीत त्वचा, रक्त, मांस, मेद, नाभी, यकृत, प्लीहा अशी सगळी मऊ अंगं आहेत. केस, नखं, दात, हाडं ही कठीण अंगं पित्याकडे. ही वर्गवारी आहे, कोणाच्या माथी खापर फोडायची सोय नव्हे. आज विचाराल तर हृदय घडवणारी जनुकं दोघांकडून येतात. हृदयदोषामागे कधी गुणसूत्रांचा बिघाड असतो. कधी आईला गर्भ राहण्याआधीपासून असलेला आणि ताब्यात नसलेला मधुमेह, पहिल्या तीन महिन्यांत झालेला रुबेला, मुरुमांसाठी घेतात ती आयसोट्रेटिनॉइनसारखी काही औषधं, दारू, नात्यातलं लग्न. आणि पुष्कळदा धुंडाळूनही कारण सापडतच नाही. यातलं काही तुमच्या बाबतीत असेल तर एकोच्या वेळी सांगा. नसेल तर रात्री जागून शोधत बसू नका. दर १०० बाळांमागे साधारण एकाला हृदयाचा काहीतरी जन्मजात दोष असतो आणि त्यात कप्प्यांमधल्या पडद्याचं छिद्र सगळ्यांत जास्त आढळतं.

‘छिद्र’ म्हटल्यावर घरात जो हलकल्लोळ होतो तो थोडा कमी व्हावा म्हणून सांगते: पोटातल्या प्रत्येक बाळाच्या हृदयात एक भोक असतंच, आणि ते असावंच लागतं. बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही, म्हणून वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक खिडकी आणि मोठ्या वाहिन्यांमध्ये एक जोडवाट ठेवलेली असते. वारेकडून आलेलं रक्त फुप्फुसांना वळसा घालून पुढे जातं. जन्मल्यावर पहिल्या श्वासांबरोबर खिडकीची झडप लागते, जोडवाट पहिल्या दोन-तीन दिवसांत आखडते. चारांतल्या एका मोठ्या माणसात ती खिडकी पुरती चिकटलेली नसते आणि त्याला आयुष्यभर पत्ता नसतो. तुमच्या रिपोर्टातली शंका या खिडकीची नाही, खालच्या कप्प्यांची आहे. पण पोटात असताना त्या दोन कप्प्यांतला दाब जवळपास सारखाच असतो, त्यामुळे लहान छिद्राचा बाळाला सध्या काहीच जाच नसतो. स्नायूच्या भागातली लहान छिद्रं तर पुष्कळदा आपोआप बुजतात. काही जन्माआधी, काही पहिल्या एक-दोन वर्षांत.

आता मामांची पुडी. छिद्र आपोआप बुजलं तर श्रेय पुडीला जाईल आणि पुढच्या सुनेच्या वाट्यालाही तीच येईल, ही माझी पहिली तक्रार. दुसरी जास्त गंभीर. पुडीत काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. एखादं भस्म असेल, पारा-शिशासारखा धातू असेल, गर्भाशय आखडवणारी वनस्पती असेल. मामांना म्हणावं, प्रत्येक द्रव्याचं नाव आणि मात्रा कागदावर लिहून द्या. चांगला वैद्य हे आनंदाने करतो. आणि ग्रंथाचाच आधार हवा असेल तर चरकाची महिन्यांची चर्या काढून बघा म्हणावं: चौथ्या महिन्यात दुधातून काढलेलं लोणी, पाचव्यात दुधातून काढलेलं तूप. हृदय जोडणारं औषध त्या दोन्ही महिन्यांत नाही. गर्भिणीला औषध द्यायचंच तर मृदू, मधुर, थंड आणि सुखकर द्यावं, वमन-विरेचन, म्हणजे उलट्या-जुलाब करवणं, टाळावं, असा त्याचा दंडक आहे. तुम्हाला आयुर्वेदाचा सल्ला हवाच असेल तर प्रसूती-स्त्रीरोग विषयात एम.एस. केलेल्या वैद्याकडे जा, सोबत सोनोग्राफीची फाइल घेऊन. ‘दोन्ही करून टाकू’ हे यजमानांचं धोरण भाजीबाजारात ठीक आहे, इथे नको.

एकोबद्दल घाबरण्यासारखं काही नाही. तीही सोनोग्राफीच, पोटावरून, फक्त हृदयापुरती आणि बारकाईने. साधारण १८ ते २४ आठवड्यांत करतात. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, उपाशीपोटी जायचं नाही. बाळाचं हृदय आत्ता जेमतेम दोन सेंटीमीटरचं आणि बाळ आपल्या मर्जीने कूस बदलणार, म्हणून पाऊण तास धरून चला. पाठ करून झोपलं असेल तर तुम्हाला बाहेर चक्कर मारून यायला सांगतील. स्क्रीनवर लाल-निळं दिसेल. लाल म्हणजे शुद्ध आणि निळं म्हणजे अशुद्ध रक्त असं काही नसतं: रक्त यंत्राच्या दिशेने येतंय की दूर जातंय, एवढंच ते रंग सांगतात. आधार कार्डाची झेरॉक्स आणि जुने सगळे रिपोर्ट न्या. गर्भलिंगनिदानाच्या १९९४ च्या कायद्यामुळे तिथेही फॉर्म भरावा लागतो.

तारीख लांबवू नका म्हणते त्याला एक कारण आहे, ते स्पष्टच सांगते. क्वचित छिद्राच्या जोडीला मोठ्या वाहिन्यांचा दोष निघतो. असं काही गंभीर निघालं तर काय करायचं याचा विचार करायला दिवस हाती हवेत, आणि गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर २४ आठवड्यांच्या पुढे गाठ मेडिकल बोर्डाशी असते. तुम्ही कळवलेल्या रिपोर्टात त्या दिशेचं काही नाही. तरीही शंका फेडायची ती वेळेत.

विचारायचं काय? छिद्र आहे की नाही, असेल तर स्नायूच्या भागात की वरच्या पातळ भागात, मोठ्या वाहिन्या आपापल्या जागी आहेत का, गुणसूत्रांची तपासणी सुचवता का, आणि बाळंतपण नेहमीच्या दवाखान्यात चालेल की बालहृदयरोगतज्ज्ञ हाताशी असलेल्या ठिकाणी करावं. लहान छिद्र असेल तर बहुधा तुमचंच हॉस्पिटल चालेल आणि जन्मल्यावर बाळाचा एको करतील. पुढेमागे शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर पैशाची धास्ती आत्तापासून घेऊ नका. तुमच्याजवळच खारघरला श्री सत्य साई संजीवनीमध्ये जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांच्या शस्त्रक्रिया मोफत होतात, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही हे दोष धरलेले आहेत.

यजमानांना शिफ्ट बदलून मिळाली नाही तर सासूबाईंना सोबत न्या. एका नातेवाइकाला आत घेतात का ते आधी फोनवर विचारा. तुम्हाला अडवलं ते त्यांनी काळजीपोटीच, आणि आता डोहाळ्यांवर बोट ठेवतायत त्यात स्वतःला लागलेली टोचणीही असणार. चार कप्पे उघडमीट करताना त्यांनी एकदा बघितले तर तुमच्या घरातलं निम्मं बोलणं बदलेल. रिपोर्ट मिळाला की आधी तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यानंतर, आणि मामांनी विचारलं तरच.